माथा, उतार आणि पायथा : उल्हास खोऱ्यातील पर्वत-अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा उल्लेख डोंगरांच्या संदर्भात क्वचितच होतो. कारखाने, निर्वासितांची छावणी, लोकलगाड्या आणि नव्या वसाहती अशीच त्यांची ओळख सांगितली जाते. प्रत्यक्षात ही शहरे दोन पर्वतरांगांच्या मधल्या खोलगट भागात वसली आहेत. पूर्वेस भीमाशंकर-सिद्धगडाची सह्याद्रीची मुख्य धार आहे. पश्चिमेस व नैर्ऋत्येस मलंगगड, तावली, चंदेरी, नाखिंद, पेब, माथेरान, प्रबळ अशी तिच्यापासून सुटलेली रांग आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी या दोहोंच्या मधून वाहते आणि अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून कल्याणच्या बाजूस जाते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, ते याच नदीच्या नावावरून. म्हणजे या भागातील सर्वांत दाट वस्तीच्या शहराने डोंगरातून आलेल्या पाण्याचे नाव धारण केले आहे.

या डोंगरांचा शास्त्रीय अभ्यास दोनशे वर्षे चालू आहे. तो कोणी केला, कोणत्या हेतूने केला आणि डोंगराचा कोणता भाग त्याच्या नजरेतून सुटला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अभ्यासकांची पावले बहुतांशी माथ्याकडे वळली. उतार आणि उतारावरील माणसे अभ्यासविषय झाली ती बहुधा तंट्याच्या निमित्ताने, असे या इतिहासावरून दिसते.

उंची, पाऊस आणि जंगल

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारने दख्खनच्या मुलखाची सांख्यिकीय पाहणी करण्याचे काम कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांजकडे सोपविले. १८२४ ते १८३१ या काळात साईक्स यांनी घाटमाथ्यावर व त्याच्या पूर्वेस फिरून हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी केल्या. पाणी किती तापमानास उकळते हे साध्या तापमापकाने पाहून डोंगराची उंची काढण्याची रीतही त्यांनी वापरली व पुढे तिच्यावर निबंध लिहिला. घाटाच्या कड्याशी कोसळणारा पाऊस पूर्वेकडे थोड्याच कोसांत किती झपाट्याने घटतो, ही शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट आता आकड्यांत मांडली जाऊ लागली. हे आकडे मुख्यतः महसुलासाठी गोळा झाले होते, हे मात्र विसरता येत नाही.

जंगल आणि पाणी यांचा संबंध ठामपणे मांडणारे पहिले महत्त्वाचे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे आहे. १८३८ पासून ते दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातील डोंगरउतार उघडे पडल्याने ओढे लवकर आटतात, असे ते सरकारला वारंवार कळवीत. १८५१ साली ब्रिटिश असोसिएशनपुढे उष्ण कटिबंधातील जंगलतोडीच्या परिणामांविषयी जो अहवाल वाचला गेला, त्याच्या आगेमागे हिंदुस्थानातील अनेक वैद्यकीय अधिकारी हाच विचार मांडत होते. गिब्सन व डाल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली निघाला, आणि १८६३ मध्ये डाल्झेल यांनी जंगलांच्या प्रभावाविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. एका हाताने जंगलाचे महत्त्व सांगणारे सरकार दुसऱ्या हाताने सागवान तोडीत होते, ही विसंगती त्या काळच्या अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आली नसेल असे नाही.

माथ्यावरील याद्या

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने माथेरानच्या डोंगरावर चढले. इंग्रजी लिखाणात यास माथेरानचा शोध म्हणतात. माथ्यावरील रान असे ज्या डोंगराचे नावच सांगते, तो कोणालाच ठाऊक नव्हता असे म्हणणे विनोदी ठरेल. ठाकर, कातकरी आणि धनगर यांचा वावर या डोंगरावर होताच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात तेथे थंड हवेचे ठिकाण उभे राहिले आणि मुंबईच्या उकाड्यातून सुटका शोधणाऱ्या साहेबांबरोबर डॉक्टर, न्यायाधीश आणि हौशी निसर्गअभ्यासकही वर आले.

जे. वाय. स्मिथ यांचे माथेरानविषयीचे पुस्तक १८७१ साली एडिंबरो येथून प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात डोंगर, तेथील लोक, वनस्पती आणि प्राणी असा क्रम आहे. लोकांना आरंभी स्थान मिळाले खरे, पण वनस्पती आणि प्राणी यांच्याच पंक्तीत, निरीक्षणाचा एक विषय म्हणून! १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानला भरपूर जागा दिलेली आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश हर्बर्ट बर्डवुड यांनी तिच्या नियतकालिकात माथेरान व महाबळेश्वर येथील वनस्पतींच्या याद्या प्रसिद्ध केल्या. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाचे खंड १९०१ ते १९०८ या काळात निघाले. १९०७ साली नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे सुरू झाल्यावर तर वर जाणे अधिकच सोपे झाले.

या याद्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शतकापूर्वी कोणती झाडे कोठे होती हे आज त्यांच्याच आधारे सांगता येते. तथापि त्यांना एक मर्यादा होती. अभ्यासक सुट्टीत वर राहत आणि पायवाटांच्या आजूबाजूचे पाहत. डोंगराचा माथा जणू समुद्रातील बेट असावे तशी त्याची नोंद होई. त्याच डोंगराचा बदलापूर-नेरळच्या बाजूचा उतार, जेथे गुरे चरत, कवळ तोडली जाई आणि नाचणी-वरी पिके, तो या याद्यांत फारसा आढळत नाही.

राबाचा तंटा

उताराकडे शास्त्राचे लक्ष वळले ते भातशेतीमुळे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताचे रोप करण्यापूर्वी जमीन भाजण्याची रीत होती. शेण, झाडांचा पाला व डहाळ्या म्हणजे कवळ, त्यावर गवत आणि वरून मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते वाऱ्याच्या बाजूने पेटवून देत. भडका न होता ते सावकाश धुमसत राही. यालाच राब म्हणत. मृगाचा पाऊस पडला की या भाजलेल्या दाढीत बी पेरीत आणि तयार झालेली रोपे खाचरांत लावीत. खाचराला लागून असलेली वरकस जमीन आणि तिच्या वरचा डोंगर हे दोन्ही राबाचे भांडार होते. दरवर्षी डहाळ्या छाटलेले ऐन, किंजळ यांसारखे वृक्ष खुरटे व ओबडधोबड दिसत. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने हाच जंगलाच्या नाशाचा पुरावा होता.

१८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा राबाचा प्रश्न पेटला. कवळ तोडणे हा हक्क की सरकारची कृपा, वरकस जमिनीवरील झाडे कोणाची, याविषयी तक्रारींचा पूर आला आणि ठाण्यात संघटित विरोध उभा राहिला. सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक गाऱ्हाणी हाच या आयोगाचा मुख्य विषय होता.

वनखात्याची बाजू गिब्सन यांच्या काळापासून चालत आलेल्या विचारावर उभी होती. झाड छाटले की सावली जाते, सावली गेली की माती सुटते आणि ओढे आटतात, असा तो युक्तिवाद. शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते : राबाशिवाय रोप धरत नाही, आणि राब देणारे झाड कोणी शेतकरी मुळापासून तोडीत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच्याकडेच परत जायचे असते. एका बाजूने झाडाच्या आकारावरून जंगलाची पारख केली, दुसऱ्या बाजूने झाडाच्या आयुष्यावरून. दोन्ही निरीक्षणे खरी होती. परंतु मोठमोठ्या लाकडांच्या ठेक्यांनी डोंगर किती उघडा पडला आणि कवळीने किती, याचा निवाडा करील असे मोजमाप कोणाजवळही नव्हते. मोजमापाच्या अभावी दोषाचा वाटा दुबळ्याच्या पदरी अधिक पडला, असे म्हणावे लागते.

या तंट्यातूनच खरा प्रयोग जन्मास आला. राबाने खरोखर काय होते, हे मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याला तपासणे भाग पडले. हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यास आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनीही १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर यांच्यासह पश्चिम हिंदुस्थानातील राब पद्धतीवर १९१२ साली शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेतील खत आणि मातीला मिळणारी उष्णता या दोन्ही अंगांनी त्यांनी या रीतीकडे पाहिले. ज्या प्रथेला तोवर अनेक अधिकारी अडाणीपणा म्हणत, ती रसायनशाळेत तपासण्याजोगी ठरली. या निबंधावर दोन मराठी नावे आहेत, हीही लक्षणीय गोष्ट होय. माथ्यावरच्या याद्यांमध्ये मराठी माणूस वाटाड्या किंवा ओझेवाला होता. उताराच्या अभ्यासात तो लेखक झाला. मात्र तोपर्यंत जंगलांच्या हद्दी आखून झाल्या होत्या.

घाट ओलांडलेले पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी घाटमाथ्यावरील पावसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तेथे पडणारा पाऊस पूर्वेकडे वाहून जाऊ न देता पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडला तर त्यातून वीज निर्माण होईल, ही कल्पना टाटांच्या योजनांनी प्रत्यक्षात आणली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि आंध्रा खोऱ्यातील योजनेचे भिवपुरी येथील केंद्र १९२२ साली. आंध्रा ही इंद्रायणीला, आणि तिच्यामार्फत भीमेला मिळणारी नदी. ठोकरवाडीच्या धरणात तिचे पाणी अडवून ते सुमारे पाचशे मीटर खाली कर्जत तालुक्यात आणले जाते आणि वीज तयार झाल्यावर पेज नदीतून उल्हासला मिळते.

उन्हाळ्यात कोकणातील नद्यांची पात्रे कोरडी पडतात, पण उल्हास वाहत राहते, याचे मुख्य कारण हेच होय. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर परिसरातील पाणीपुरवठ्याचा मोठा भाग या बारमाही प्रवाहावर आणि बदलापूरजवळील बारवी धरणावर उभा आहे. म्हणजे वैशाखात बदलापूरच्या नळाला येणारे पाणी सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगावर पडलेला आदल्या वर्षीचा पाऊस असू शकतो. निसर्गाने आखलेला पाणलोट आणि माणसाने घडविलेला पाणलोट येथे एकमेकांशी जुळत नाहीत. याच काळात मुळशी खोऱ्यातील धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पावसाची मोजणी अचूक असली तरी बुडणाऱ्या जमिनीचा हिशेब तिच्यात नसतो, हे महाराष्ट्राने तेव्हा अनुभवले.

कारवी आणि काळा दगड

स्वातंत्र्यानंतर वनस्पती-अभ्यासाची सूत्रे हौशी अधिकाऱ्यांकडून महाविद्यालयांकडे आली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. खंडाळा म्हणजे उल्हास खोऱ्याचे वरचे टोक. सांतापाव एकाच परिसरात पुन्हा पुन्हा गेले, आणि कारवीसारख्या वनस्पतीचा अभ्यास त्याशिवाय होऊच शकत नाही. सात वर्षे कारवी नुसती वाढते, मग सारा उतार एकदम जांभळा होतो, बी धरते आणि झुडपे वाळून जातात. एका सुट्टीपुरता आलेला अभ्यासक तिला फुलाशिवायच पाहणार. ठाकर-कातकऱ्यांच्या घरांचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे असत, त्यामुळे तिच्या फुलण्या-मरण्याचा हिशेब ठेवणे त्यांना भागच होते. पुण्यात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा गावाने राखलेले रान हे शास्त्राच्या दृष्टीने मोलाचे आहे, ही गोष्ट प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडली गेली.

दगडाच्या अभ्यासाची वाट वेगळी होती. विल्यम ब्लॅनफोर्ड यांनी १८६७ साली दख्खनच्या लाव्हाथरांचे वर्णन केले. तथापि एकावर एक रचलेले, दिसायला सारखेच काळे थर एकमेकांपासून ओळखायचे कसे, हा प्रश्न शंभर वर्षे तसाच राहिला. १९८० च्या दशकात थरांच्या रासायनिक घटकांवरून तो सुटू लागला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी घाट चढत-उतरत नमुने गोळा केले आणि थरांच्या गटांना त्या त्या ठिकाणांची नावे दिली गेली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर हे खालचे गट, त्यांवर खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. बदलापूरपासून तीन स्थानके पुढे असलेले नेरळ अशा रीतीने जगाच्या भूशास्त्रात गेले. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे साडेसात लाख वर्षांत झाला, आणि डायनोसॉर नष्ट झाले त्या काळाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी त्याची सुरुवात झाली. शके ९८२ चा शिलालेख असलेले अंबरनाथचे मंदिर याच काळ्या दगडाचे आहे.

ठाकुरवाडी म्हणजे ठाकरांची वाडी. जगातील भूशास्त्रज्ञ हे नाव सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरासाठी सहज उच्चारतात. वाडीत राहणाऱ्यांविषयी मात्र त्या निबंधांत काही नसते. ते नसणे त्या शास्त्राचा दोष नव्हे, परंतु पुढे जे घडले त्याच्या प्रकाशात ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

हद्दी आणि यादी

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. माथा आणि त्याभोवतीचे उतार एकाच हद्दीत आणण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणता येईल. त्यानंतर अडीच वर्षांनी, २६ जुलै २००५ च्या पावसात, उल्हास आणि वालधुनी यांनी तिन्ही शहरांत शिरून या उतारांचा पायथ्याशी असलेला संबंध दाखवून दिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांची सुटका करावी लागली.

२०१० मध्ये नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ साली संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि निर्णयाची सुरुवात ग्रामसभांपासून व्हावी, असे सुचविले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. २०१४ पासून ३१ जुलै २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. या वादात बहुतेक चर्चा खाणी, कारखाने आणि बांधकामे यांविषयी झाली. १८८५ प्रमाणेच हद्द कोठून जाते, हाच प्रश्न मध्यभागी राहिला. हद्दीच्या आत उतारावर राहणाऱ्या माणसाला डोंगर कोठे हलतो हे विचारले जाईल काय, हा प्रश्न मागे पडला.

माथेरानच्या रांगेच्या दक्षिण भागात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या अंगावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. मॅलेट माथेरानवर चढले ते याच चौकच्या बाजूने. १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस पडला आणि १९ जुलैच्या रात्री डोंगराचा भाग वाडीवर कोसळला. वाडीची लोकसंख्या २२८ होती. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे बेपत्ता राहिली. चार दिवसांनी, २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. या डोंगरांच्या झाडांच्या, पक्ष्यांच्या, दगडांच्या आणि पावसाच्या याद्या तोवर दीडशे वर्षांहून अधिक काळ तयार होत आल्या होत्या. वाडीपर्यंत यंत्रे नेता येतील असा रस्ता नव्हता. मदतीला आलेली माणसे पायवाटेने चढून गेली आणि माती कुदळ-फावड्यांनी उपसावी लागली.